सर्टिफिकेट एका कंपनीचं, काम दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात बरीच वर्षं नेटवर्किंगचा क्लास चालवतोय. मुलं येतात भुसावळ, यावल, चोपडा, पारोळा, अमळनेरहून. काही धुळ्याहून एसटीनं. पुण्यात नोकरीला लागलेली जुनी मुलंही दिवाळीत घरी आली की चक्कर टाकतात, आणि चहा संपायच्या आत ठरलेला प्रश्न येतो : "सर, माझ्याकडे हे आहे, कंपनीत आता ते मागतात. ट्रान्सफर होईल का?" तीच ती उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. फी आणि पेपरचे क्रमांक बदलत असतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या त्या कंपनीच्या पानावर नजर टाकाच.

सीसीएनए झालंय. ते एडब्ल्यूएस किंवा अझुरमध्ये ट्रान्सफर करून मिळतं का?

नाही. ओळखीनं नाही, पैसे भरूनही नाही. सीसीएनए हे सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट; एडब्ल्यूएस हे अ‍ॅमेझॉनचं आणि अझुर हे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, म्हणजे भाड्यानं मिळणारे सर्व्हर.

केळीवाल्यांच्या घरातल्या पोरांना मी पिलबागेचं उदाहरण देतो. घड कापल्यावर बुंध्याशी राखलेल्या पिलावर दुसरं पीक घेतात, ती पिलबाग; लागवडीचा खर्च वाचतो. नव्यानं लावलेली ती नवती. एकाच कंपनीत वरच्या पायरीचं सर्टिफिकेट घेणं म्हणजे पिलबाग. कंपनी बदलली की नवतीच लावायची. पण जमीन तुमचीच असते, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला पहिल्याइतका घाम गाळावा लागत नाही.

पण पूर्वी एकाचं दुसऱ्याला चालायचं असं ऐकलंय. ते खोटं?

खोटं नाही. नव्वदच्या दशकात नॉव्हेल या नेटवर्किंगच्या कंपनीचं सीएनई सर्टिफिकेट असलेल्याला मायक्रोसॉफ्ट आपला 'नेटवर्किंग इसेन्शियल्स' हा पेपर माफ करायचं. पुढे विंडोज २००० आणि २००३ च्या एमसीएसए या मायक्रोसॉफ्टच्याच सर्टिफिकेटमध्ये, कॉम्पटिया या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं ए प्लस आणि नेटवर्क प्लस अशी जोडी असली, तर ऐच्छिक विषयाचा पेपर सुटायचा. माझा स्वतःचा असा एक पेपर सुटला होता. सर्वांत मजेशीर लिनक्स प्लसचं होतं : कॉम्पटिया आणि लिनक्सच्या परीक्षा घेणारी एलपीआय यांचा करार होता, दोन पेपर दिले की लिनक्स प्लसही हातात आणि एलपीआयसी-१ ही. तो प्रकार २०१९ मध्ये बंद झाला.

आता जे उरलंय ते सवलतीच्या रूपात. कॉम्पटियाचं सर्टिफिकेट जिवंत ठेवायला दुसऱ्या कंपनीच्या परीक्षेचे गुण धरतात, मात्र त्या परीक्षेचा निदान निम्मा विषय जुळायला हवा. सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटसाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, त्याच्या आठपैकी किमान दोन क्षेत्रांतला. मान्य यादीतलं एखादं सर्टिफिकेट किंवा संगणक, आयटी अशा विषयातली पदवी असेल तर त्यातलं एक वर्ष सुटतं. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस त्या यादीत आहे. "पदवीपण आहे आणि सिक्युरिटी प्लसपण, मग दोन वर्षं सुटतील ना?" असं एकानं विचारलं होतं. एकच वर्ष सुटतं. अनुभव कमी पडत असेल तर पेपर आधी देता येतो. पास झालात की 'असोसिएट' म्हणून राहायचं आणि अनुभव भरून काढायचा.

मग सिस्कोचा सगळा अभ्यास वाया गेला म्हणायचा?

वाया कशाला जातोय? कागद तिकडे चालत नाही, डोक्यात बसलेलं चालतं. आणि बसलेलंच कधी कधी गोत्यातही आणतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

सबनेटिंग घ्या, म्हणजे नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटणं. सीसीएनएच्या मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल : स्लॅश २४ मध्ये २५६ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले २५४. एडब्ल्यूएसमध्ये हेच उत्तर चुकतं. तिथे प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते कंपनी स्वतःकडे ठेवते, पहिले चार आणि शेवटचा. म्हणजे तुमच्या हातात २५१. स्लॅश २८ घेतलं तर सीसीएनएच्या हिशेबानं १४ यंत्रं, तिथे ११. अझुरमध्येही पाचच जातात. माझ्याकडची चांगली हुशार मुलं या एका प्रश्नावर सराव परीक्षेत सपाट पडलेली पाहिली आहेत, कारण त्यांना उत्तर माहीत होतं.

दुसरं, एसीएल, म्हणजे कोणतं पॅकेट (माहितीचा तुकडा) जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं याची यादी. राउटरवर आपण वरून खाली ओळी लिहितो, जी ओळ आधी जुळेल ती लागू, आणि कशातच बसलं नाही तर शेवटी न लिहिलेला नकार असतोच. एडब्ल्यूएसमधलं नेटवर्क एसीएल जवळजवळ तसंच आहे : नियमांना क्रमांक, लहान क्रमांक आधी, शेवटी नकार. जाणाऱ्या पॅकेटला परवानगी दिली म्हणून परत येणाऱ्याला आपोआप मिळत नाही, दोन्ही बाजूंचे नियम लिहावे लागतात. हे सिस्कोवाल्याला घरचं वाटतं. मग येतो एडब्ल्यूएसचाच सिक्युरिटी ग्रुप, एकेका यंत्राच्या दाराशीचा पहारेकरी, आणि तिथे गाडी अडते. त्यात फक्त 'येऊ द्या' लिहिता येतं, 'अडवा' लिहायची सोयच नाही. आणि बाहेर गेलेल्याचं उत्तर स्वतःहून आत घेतलं जातं. अझुरच्या एनएसजीमध्ये, म्हणजे तिथल्या अशाच नियमांच्या यादीत, पुन्हा दोन्ही प्रकारचे नियम आहेत, प्राधान्यक्रम १०० ते ४०९६, लहान आकडा आधी. पण तो परतीचं पॅकेट ओळखतो. तीन दुकानं, माल साधारण तोच, वजनकाटे वेगळे.

म्हणून दुसऱ्या कंपनीकडे जाताना जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचू नका. परीक्षेचा अभ्यासक्रम छापून घ्या, येणारं आहे तिथे पेन्सिलीनं खूण करा, आणि खूण केलेल्या भागात "इथे वेगळं काय?" एवढंच शोधा. नवीन भाग तर वाचायचाच आहे. घात होतो तो ओळखीच्या भागात.

माझ्याकडे जुनं एमसीएसई आहे. अपग्रेड पेपर देऊन नवं मिळेल का?

आता नाही. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई ही आपली तिन्ही जुनी सर्टिफिकेटं ३१ जानेवारी २०२१ ला गुंडाळली. मूळ तारीख जून २०२० ची होती, कोरोनामुळे पुढे ढकलली. तुमचं जुनं सर्टिफिकेट रद्द झालेलं नाही, नोंदीत इतिहास म्हणून दिसतं. पण त्याच्या जोरावर पुढचं काही मिळत नाही.

अपग्रेडचा सुकाळ होता तो काळ मी पाहिलाय. २००३ च्या सर्व्हरवरचं एमसीएसई सात पेपरांचं होतं. २००८ चा सर्व्हर आला तेव्हा ७०-६४९ हा एकच पेपर नव्या तीन पेपरांच्या बदल्यात चालायचा. महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, सोबत आईनं दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, आणि पहिल्या खेपेला आपटलो. त्या पेपरात तीन भाग होते आणि प्रत्येक भागात वेगळं पास व्हावं लागायचं. निकालावर सर्वांत कमी भागाचेच गुण छापून यायचे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (वापरणाऱ्यांची खाती सांभाळणारा भाग) आणि नेटवर्क उत्तम गेलं, अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचा भाग मी "बघू नंतर" म्हणून सोडला होता. अपग्रेड म्हणजे सोपा पेपर हा समज त्या दिवशी पुणे स्टेशनवरच सोडून आलो. पुढे २०१२ साठी ७०-४१७, २०१६ साठी ७०-७४३ असे पेपर होते. आता तेही इतिहासजमा.

एक गंमत अजून नोकरीच्या जाहिरातींत गोंधळ घालते. २०१२ च्या आधीच्या एमसीएसईतला शेवटचा ई 'इंजिनिअर'चा, नंतरच्यातला 'एक्स्पर्ट'चा. अक्षरं तीच, सर्टिफिकेट वेगळं.

आज सर्व्हरवर काम करत असाल तर एझेड-८०० आणि एझेड-८०१ हे दोन पेपर तुमच्या जवळचे आहेत. त्यात जुनं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं ज्ञान खरोखर उपयोगी पडतं. क्लाउडकडे वळायचं तर एझेड-१०४. आर्किटेक्ट व्हायचं असेल तर एझेड-३०५, पण ते सर्टिफिकेट मिळायला १०४ ही हवंच. एझेड-९०० ही तोंडओळखीची परीक्षा हौसेनं द्या, अपग्रेड म्हणून तिचा उपयोग शून्य.

मायक्रोसॉफ्टचं रिन्युअल खरंच फुकट असतं?

खरंच. असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीची सर्टिफिकेटं वर्षभर चालतात. मुदत संपायच्या सहा महिने आधी ऑनलाइन चाचणी उघडते. पैसे नाहीत, कॅमेरा नाही, नापास झालात तर पुन्हा द्या. पुढचं एक वर्ष मिळतं. फंडामेंटल्सना, म्हणजे एझेड-९०० सारख्या पायाच्या सर्टिफिकेटांना, मुदतच नाही.

पण तारीख एक दिवसानंही चुकली तर सवलत संपली, पूर्ण पेपर पैसे भरून पहिल्यापासून. माझंच एझेड-१०४ असं गेलं. आठवणीच्या मेल येत होत्या, त्या जुन्या मेल पत्त्यावर, आणि मी लेकीच्या लग्नाच्या याद्या करत बसलो होतो. लग्न झालं, पाहुणे पांगले, मेल उघडली, मुदत संपून नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून क्लासच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येकाची तारीख लाल पेनानं लिहितो. हसतात मुलं, हसू द्या.

सीसीएनएची मुदत संपत आलीय. तोच पेपर पुन्हा द्यावा लागेल?

गरज नाही. मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात असोसिएट पातळीचा कोणताही एक पेपर दिला तरी चालतं. प्रोफेशनल पातळीचा कोअर (मुख्य) किंवा कॉन्सन्ट्रेशनचा (खास विषयाचा) एक पेपर पास झालात तरी सीसीएनए पुढे सरकतं. पेपर नकोच असेल तर सिस्कोनं मान्य केलेले कोर्स करून ३० क्रेडिट जमवायचे.

मी सांगेन ते असं : काम करत असाल तर पुन्हा सीसीएनएचाच २००-३०१ देऊ नका, थेट वरच्या पायरीच्या सीसीएनपीचा ३५०-४०१ हा कोअर पेपर द्या. २४ फेब्रुवारी २०२० ला सिस्कोनं सगळी रचना बदलली, तेव्हापासून सीसीएनपीला सीसीएनएची अट नाही. या पेपरानं सीसीएनए वाचतं, स्पेशालिस्टचं एक वेगळं सर्टिफिकेट मिळतं आणि सीसीएनपीचा अर्धा रस्ता संपतो. फी १०० डॉलर जास्त, पण एका दगडात तीन कैऱ्या. अवघड आहे, हेही सांगतो. सहा महिने धरून चला.

सीसीएनए संपूनच गेलं असेल तर? तर रिन्युअलचा विषय मिटला. तरीही सीसीएनपीचं दार उघडंच आहे, वर सांगितलेल्या कारणानं.

सीसीएनए सिक्युरिटी, सीसीएनए वायरलेस अशी तीन-तीन होती. त्यांचं काय झालं?

त्याच २४ फेब्रुवारी २०२० ला जवळजवळ सगळ्यांचं मिळून एक सीसीएनए झालं. जुनी जिवंत होती त्यांना नवं एक आपोआप मिळालं. तीन दिली, एक मिळालं, म्हणून धुळ्याचा एक पोरगा महिनाभर चिडला होता.

कॉम्पटियाचं ए प्लस आयुष्यभर चालतं ना?

१ जानेवारी २०११ च्या आधी घेतलेलं असेल तर हो. त्यानंतरचं तीन वर्षं. भुसावळला रेल्वेत काम करणारे एक गृहस्थ जुनं ए प्लस मोठ्या अभिमानानं दाखवतात, त्यांचं खरंच आजन्म आहे. त्यांच्या पुतण्यानं "काकांचं संपत नाही तर माझं कसं संपेल" म्हणून पाच वर्षं दुर्लक्ष केलं.

जिवंत ठेवायला तीन वर्षांत ए प्लससाठी २०, नेटवर्क प्लससाठी ३० आणि सिक्युरिटी प्लससाठी ५० नूतनीकरणाचे गुण (कोर्स, दुसऱ्या परीक्षा यांतून मिळणारे) लागतात. सोपा रस्ता म्हणजे वरचं घेणं : सिक्युरिटी प्लस पास झालात की खालची दोन्ही आपोआप नवी होतात. खालून वर नाही होत.

ए प्लसचा एक पेपर जुन्या मालिकेतला आहे, दुसरा नव्या मालिकेतला देऊ का?

देऊ नका! ए प्लसचे दोन पेपर एकाच मालिकेचे लागतात. २२०-११०१ आणि ११०२ ही जोडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, १२०१ आणि १२०२ ही नवी आहे. ११०१ पास होऊन थांबला असाल, तर ते पैसे गेले असं समजा आणि दोन्ही नव्यानं द्या. आमच्याकडे कपाशी वेचून संपली की हातात पैसा येतो आणि तेव्हाच दुसरा पेपर भरतात, हे मला कळतं. पण मालिका बदलायला आली असेल तर पहिला पेपरही थांबवा, दोन्हीचे पैसे जमल्यावर एकदम द्या.

एलपीआयसी-१ आहे. रेड हॅटमध्ये काही सवलत?

काही नाही. आणि परीक्षेचा बाजच निराळा. एलपीआयसीत प्रश्नांना उत्तरं द्यायची, रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसएत समोर चालतं यंत्र असतं आणि कामं करून दाखवायची. तपासणीच्या आधी यंत्र बंद करून चालू केलं जातं. डिस्क जोडली, पण एफस्टॅब फाइलीत (चालू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) नोंद नाही केली, की चालू झाल्यावर ती डिस्क गायब आणि गुणही गायब. नोंद करताना एक अक्षर चुकलं तर यंत्र उठतच नाही, मग सगळाच निकाल लागला. मुलांना सांगतो, अर्धा तास हातात ठेवा, स्वतः दोनदा रिबूट करा.

३०० पैकी २१० ला पास. मुदत तीन वर्षं, आणि आरएचसीई ही वरची पायरी घेतली की खालचंही लांबतं. आरएचसीई आता बराचसा अ‍ॅन्सिबल या कामं आपोआप करून घेणाऱ्या साधनावर आहे, जुन्या पुस्तकावर विसंबू नका.

कंपनीच विकली गेली तर आपल्या सर्टिफिकेटचं काय?

नेमानं घडणारी गोष्ट आहे. २०१० मध्ये ओरॅकलनं सन ही कंपनी घेतली, आणि सनचं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेचं सर्टिफिकेट एससीजेपी ओरॅकलच्या नावानं मिळू लागलं. जुन्यांचं तसंच राहिलं, पुढे जावा ७ आणि ८ वर जायला अपग्रेड पेपरही होते. २०१९ मध्ये आयबीएमनं रेड हॅट घेतली, परीक्षांना धक्का लागला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली तेव्हा उत्पादनांची मांडणीच बदलली. तिथे जुन्या पुस्तकातलं पान आणि समोरचा पडदा जुळत नाही. २०२५ मध्ये नेटवर्किंगची ज्युनिपर एचपीई (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज) कंपनीकडे गेली.

सर्वांत जास्त तक्रारी मी आयटीआयएलवाल्यांकडून ऐकल्या; आयटी सेवा कशा चालवायच्या, याचं ते सर्टिफिकेट. जन्मभराचं म्हणून घेतलं होतं. २०२१ मध्ये आयटीआयएल चालवणारं अ‍ॅक्सेलॉस पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या कंपनीकडे गेलं आणि १ जानेवारी २०२३ पासून दर तीन वर्षांनी नूतनीकरण आलं. शिवाय तिसऱ्या आवृत्तीचं फाउंडेशन असलेल्याला चौथ्या आवृत्तीचं फाउंडेशन पूर्ण पेपर देऊनच घ्यावं लागलं.

कंपनी हातबदल होतेय अशी बातमी आली की एक काम लगेच करा : तुमच्या खात्यातली गुणपत्रिका आणि सर्टिफिकेटं पीडीएफ करून ठेवा, पडताळणी क्रमांकासकट. संकेतस्थळ बदललं की जुने दुवे पहिल्यांदा मरतात.

एडब्ल्यूएसचं वरचं घेतलं तर खालचं टिकतं?

टिकतं. मुदत तीन वर्षं. सोल्युशन्स आर्किटेक्ट प्रोफेशनल पास झालात की त्याचंच असोसिएट आणि क्लाउड प्रॅक्टिशनरही नवी होतात. प्रत्येक पासानंतर पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट मिळते, तिचा कोड खात्यात पडून राहतो आणि आपली मुलं तो वापरायचं विसरतात. गूगल क्लाउडमध्ये असोसिएटला तीन वर्षं, प्रोफेशनलला दोनच.

एमएससीआयटी झालंय, त्यावर काही सूट?

नाही. ते राज्य सरकारच्या नोकरीसाठी लागणारं संगणक साक्षरतेचं सर्टिफिकेट आहे, २००१ पासून चालू. तलाठी भरतीला लागतं. सिस्कोला त्याचं काही नाही.

नावात फरक आहे, चालेल?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारतात, परीक्षेच्या आदल्या रात्री. पेपर हुकण्याचं आमच्याकडचं सर्वांत मोठं कारण हेच.

आपल्याकडे नाव तीन पदरी : स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे, आधारवर शेवटी, पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात चिकटलेलं. त्यात चौधरी इंग्रजीत शेवटी आय लावून की वाय लावून, यावर एकाच घरात दोन मतं. नोंदणी करताना मुलं घाईत नाव आणि आडनाव एवढंच टाकतात. परीक्षेच्या दिवशी समोरचा माणूस ओळखपत्र आणि नोंदणी अक्षर न् अक्षर ताडून बघतो. जुळलं नाही तर आत घेत नाही, आणि फी परत मिळत नाही.

जे ओळखपत्र दाखवणार ते समोर ठेवून नाव भरा. पासपोर्ट असेल तर उत्तम, तो कुठेच अडत नाही. रकाने दोनच असतील तर पासपोर्टवर जसे दोन आहेत तसेच.

लग्न झालेल्या मुलींचा घोळ निराळा. सीसीएनए माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. तीन वर्षांनी रिन्युअलचा पेपर नव्या नावानं दिला की त्याच कंपनीत दुसरं खातं तयार होतं, आणि जुनं सर्टिफिकेट नव्या पेपराशी जोडलंच जात नाही. पाचोऱ्याची एक मुलगी पास होऊनही तिचं सीसीएनए संपलेलं दाखवत होतं. लग्नाचं प्रमाणपत्र पाठवून, दोन खाती एक करायला तिला आठवडे लागले. नाव बदलायचं असेल तर पेपर भरायच्या आधी, जुन्याच खात्यात बदला.

तसंच मेलचं. कॉलेजनं दिलेल्या मेल पत्त्यावर नोंदणी करू नका. पदवी हातात आली की तो पत्ता बंद होतो, आणि सर्टिफिकेटची किल्ली त्यातच अडकते.

घरून परीक्षा दिलेली बरी की सेंटरवर?

खान्देशात मे महिन्यात विचारत असाल तर सेंटरवर, मग नाशिक-पुण्याची फेरी पडली तरी चालेल. घरी खोलीचे चारी बाजूंनी फोटो पाठवावे लागतात, टेबल मोकळं, दुसरं कोणी आत यायचं नाही, प्रश्न ओठ हलवून वाचायचा नाही. पारा ४४ वर, कूलर बंद केला तर घाम, चालू ठेवला तर पलीकडचा माणूस "आवाज कसला?" विचारणार. इन्व्हर्टर लॅपटॉपला आहे, पण वायफायच्या राउटरला नाही, हे वीज गेल्यावरच लक्षात येतं. यावलच्या एका मुलाचा पेपर ऐंशी टक्के झाला होता, आत्या चहाचा कप घेऊन आत आली. संपला पेपर. आत्याला आजही कोणी सांगितलेलं नाही.

"आम्ही कन्व्हर्ट करून देतो" असं एका क्लासनं सांगितलंय. खरं का?

त्या क्लासचं नाव घेत नाही, पण माझ्याच दोन मुलांनी तिथे पैसे घातले. मिळालं काय, तर त्या क्लासचा स्वतःचा चकचकीत कागद, कोपऱ्यात मोठ्या कंपनीचं चिन्ह. असं रूपांतर कुठलीच कंपनी करत नाही. खरं सर्टिफिकेट ओळखायचं तर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा क्रेडली या सर्टिफिकेटं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पडताळणी करून बघा. तिथे नाव दिसलं तर खरं.

दुसरा प्रकार डंपचा : चोरलेले प्रश्न पाठ करून जाणं. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर तुम्ही हो म्हणता. पकडलं तर सर्टिफिकेट काढून घेतात, पुढच्या परीक्षांनाही बंदी येते. आणि नाही पकडलं तरी मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडता.

नापास झालो तर लगेच देता येतं?

सिस्कोला पाच दिवस थांबा. मायक्रोसॉफ्टला पहिल्यांदा २४ तास, नंतर १४ दिवस, वर्षात पाच प्रयत्न. एडब्ल्यूएसला दर वेळी १४ दिवस. कॉम्पटियाला दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, तिसऱ्याला १४ दिवस. फी दर वेळी नव्यानं.

खर्च किती धरू?

सीसीएनए ३०० डॉलर. एडब्ल्यूएस १००, १५० आणि ३००, पायरीप्रमाणे. वर १८ टक्के जीएसटी, तो हिशेबात धरायचा राहतोच. मायक्रोसॉफ्ट भारतासाठी रुपयांत वेगळी फी लावतं, ती बरीच हलकी आहे. म्हणून हात आखडता असेल तर सिस्कोनंतरचं पाऊल अझुर ठेवा; फी कमी, रिन्युअल फुकट.

या सर्टिफिकेटचे विद्यापीठात क्रेडिट मिळतात का?

आपोआप नाही. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या स्वयं या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरून करता येतात, पण ते स्वयंचे कोर्स. कंपन्यांच्या परीक्षा त्यात येत नाहीत. आपल्या विद्यापीठात तुमच्या विभागप्रमुखांना लेखी विचारा.

संपलेली सर्टिफिकेटं बायोडेटात लिहू का?

लिहा, पण वर्षासकट : "सीसीएनए, २०१९ ते २०२२". नुसतं सीसीएनए लिहिलं आणि समोरच्यानं पडताळणी केली, तर तुम्ही खोटं बोललात असं तो धरून चालतो, बाकीचं खरं असलं तरी. मुदत संपलेलं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही त्या काळात ते काम शिकला होता याची नोंद, तेवढीच तिची किंमत. माझं २००३ चं एमसीएसई लॅबमध्ये यूपीएसच्या वर टांगलेलं आहे. परवा एका नव्या मुलानं विचारलं, "सर, हाई आते चालई का?" म्हटलं, नाही रे, पण त्याच्या मागच्या खिळ्यावर चाव्या अडकवतो.